ई-कचऱ्यातले दुर्मीळ धातू: भोसरीत कारखाना टाकण्याआधी

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. भोसरी एमआयडीसीत घरचा गाळा आहे, मशीन शॉपची कामं कमी झाली आहेत, विचारणारे स्वतः केमिकल इंजिनिअर आहेत. केंद्र सरकारने क्रिटिकल मिनरलच्या, म्हणजे उद्योगाला अत्यावश्यक पण सहज न मिळणाऱ्या खनिजांच्या, रिसायकलिंगसाठी १,५०० कोटी रुपयांची योजना आणल्याचं त्यांनी वाचलं. पुण्यातला ई-कचरा गोळा करून त्यातून लिथियम, कोबाल्ट, निओडिमियम, इंडियम काढण्याचा छोटा प्रकल्प उभा राहील का, सुरुवात कोणत्या धातूपासून करावी आणि माल पुरेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

उद्योग जरूर काढा. पुण्यात त्याला जागा आहे आणि त्याची गरजही आहे. पण ॲसिडच्या टाक्या, सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन (द्रावकाने एकेक धातू वेगळा काढायची पद्धत) आणि सांडपाण्याचा प्लांट यांनी सुरुवात करू नका. पहिली दोन वर्षं पैसा आणि डोकं दोन्ही माल सुटा करण्यात आणि सुटा केलेला माल वेगवेगळा ठेवण्यात घाला. केमिकल इंजिनिअरला हे काम हलकं वाटू शकतं. पण इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे की हे धातू हातचे जातात ते शेडच्या दारातच, पहिल्या हातोड्याला. त्यानंतर कितीही चांगलं रसायनशास्त्र लावलं तरी ते परत येत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघणाऱ्या ई-कचऱ्याच्या २०२४ च्या जागतिक अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांची आहे. रेअर अर्थ धातूंच्या (निओडिमियम, डिस्प्रोशियम असे चुंबकांत लागणारे धातू) एकूण मागणीपैकी ई-कचऱ्याच्या रिसायकलिंगमधून भागते ती जेमतेम एक टक्का. पहिला आकडा सगळे सांगतात. मला शेवटचा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो फक्त गोळा न झालेल्या कचऱ्यामुळे आलेला नाही. जो कचरा चांगल्या, परवानाधारक कारखान्यांत पोचतो, त्यातलेही रेअर अर्थ वाया जातात.

ते कसे जातात, हे भट्टीत काय होतं ते पाहिलं की कळतं. प्रिंटेड सर्किट बोर्डांतून मौल्यवान धातू काढायची जगातली सगळ्यात पक्की पद्धत म्हणजे तांब्याची मोठी भट्टी. बेल्जियममधलं उमिकोरचं होबोकन, स्वीडनमधलं बोलिडेनचं रॉनस्कार, जर्मनीतली ऑरुबिसची भट्टी, सगळीकडे तत्त्व एकच. वितळलेलं तांबं सोनं, चांदी, पॅलेडियम स्वतःत ओढून घेतं. निकेल, कथील, अँटिमनी, बिस्मथ, सेलेनियम, टेल्युरियम हेही पुढच्या शुद्धीकरणाच्या टप्प्यांत पकडता येतात. पण ज्या धातूंना ऑक्सिजनची ओढ जास्त, ते तांब्यात राहतच नाहीत. ॲल्युमिनियम, लोखंड, टँटलम आणि सगळे रेअर अर्थ ऑक्साइड होऊन मळीत (स्लॅगमध्ये) जातात, आणि ती मळी बांधकामात भर म्हणून वापरली जाते. भट्टी वाईट चालवली म्हणून असं होत नाही. उत्तम चालवली तरी हेच होणार, कारण तो थर्मोडायनामिक्सचा नियम आहे. म्हणून निओडिमियम किंवा टँटलम हवं असेल तर ते भट्टीच्या आधी वेगळं झालंच पाहिजे, दुसरी वाट नाही.

श्रेडरचंही, म्हणजे कचरा चुरडणाऱ्या यंत्राचंही, तेच. ज्वारी आणि बाजरी दाणे असेपर्यंत निवडता येतात, पीठ एकत्र झाल्यावर नाही. हार्ड डिस्क किंवा मोटर अख्खी श्रेडरमध्ये टाकली की आतलं चुंबक ठिसूळ असल्यामुळे त्याचा भुगा होतो. तो चुंबकीय भुगा समोर येईल त्या पोलादाच्या तुकड्याला चिकटतो. पोलाद विकलं जातं स्टील फर्नेसला, आणि निओडिमियम तिथल्या मळीत जमा होतं. तुमच्या वजनकाट्यावर काहीच कमी झालेलं दिसत नाही, त्यामुळे नुकसान झाल्याचं कुणाला कळतही नाही.

यात आपल्या नियमांचाही वाटा आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादक कंपन्यांवर ठरावीक टक्के कचरा रिसायकल करून घेण्याची जबाबदारी आहे, आणि ती त्या रिसायकलरकडून ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) प्रमाणपत्रं विकत घेऊन पुरी करतात. ही प्रमाणपत्रं निघतात चार धातूंवर: सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड. आता खाण मंत्रालयाने २०२३ मध्ये जाहीर केलेली ३० क्रिटिकल खनिजांची यादी शेजारी ठेवून बघा. या चारपैकी फक्त तांबं त्या यादीत आहे. कोबाल्ट, लिथियम, निओडिमियमसह रेअर अर्थ, टँटलम, इंडियम, गॅलियम यादीत आहेत, पण त्यांच्यासाठी ई-कचऱ्याच्या प्रमाणपत्रात जागा नाही. मग रिसायकलरने चुंबक हाताने काढायला माणूस का बसवावा? त्याला लोखंडाचं प्रमाणपत्र अख्खी डिस्क श्रेड करूनही मिळतं. हे बदललं पाहिजे, असं मी प्रत्येक बैठकीत सांगत आलोय आणि इथेही सांगतो.

आता एक हार्ड डिस्क प्रत्यक्ष उघडून बघू, कारण पुण्यात हा माल भरपूर फिरतो. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क घ्या. वरच्या झाकणाला चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू असतात, टॉर्क्सच्या पान्याने निघतात. एक बहुतेक वेळा लेबलखाली लपलेला असतो. झाकण उघडलं की आरशासारख्या तबकड्या आणि त्यांच्यावर फिरणारा हात दिसतो. त्या हाताच्या मागच्या टोकाला दोन जाड पोलादी पट्ट्या असतात, आणि त्यांच्या आतल्या बाजूला केळीच्या फोडीसारखी वाकडी, चकचकीत चुंबकं चिकटवलेली. चकाकी निकेलच्या मुलाम्याची असते. आतला माल निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा. साडेतीन इंची डिस्कमध्ये हे चुंबक साधारण दहा-पंधरा ग्रॅम भरतं, लॅपटॉपच्या डिस्कमध्ये दोन-तीन ग्रॅम. त्यात वजनाने ३० टक्क्यांच्या आसपास रेअर अर्थ असतात, मुख्यतः निओडिमियम आणि प्रॅसिओडिमियम.

पट्टीवरून चुंबक छिन्नीने उडवायला जाऊ नका. तुकडे होतात, तुकडे उडून डोळ्यात जातात, आणि बारीक भुगा हवेत पेट घेऊ शकतो. पट्ट्या ट्रेमध्ये मांडून ओव्हनमध्ये तीनशे अंशांच्या वर नेल्या की एका फटक्यात दोन कामं होतात. डिंक सुटतो आणि चुंबकत्व जातं. मग चुंबक पोलादाला चिकटून बसत नाही आणि साठवण, वाहतूक सोपी होते. ओव्हनला धूर खेचणारी सोय मात्र हवीच, कारण जळणारा डिंक नाकातोंडात घेण्यासारखा नसतो. निघालेला माल कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवा. ओल लागली की मुलाम्याच्या भेगांतून गंज धरतो आणि भाव पडतो.

हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या आयटी कंपन्यांशी बोलताना एक गाठ सोडवावी लागते. त्यांना डिस्कमधल्या डेटाची भीती असते आणि ती रास्त आहे. म्हणून त्यांची अट असते: डिस्क आमच्या आवारात, आमच्या डोळ्यांसमोर, अख्खी श्रेड झाली पाहिजे. पण डेटा तबकडीवर असतो, चुंबकात नाही. सरावलेला माणूस थोडक्या वेळात चुंबकाची जोडी काढतो आणि तबकड्या त्यांच्यासमोरच श्रेडरमध्ये टाकतो. डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र तसंच्या तसं देता येतं, सिरियल नंबरसकट. हे कंपनीच्या आयटी सुरक्षा अधिकाऱ्याला एकदा करून दाखवा. सहसा पटतं, कारण त्यांना स्वतःच्या पर्यावरण अहवालात लिहायलाही काहीतरी मिळतं. करारात मात्र ते स्पष्ट शब्दांत येऊ द्या, नाहीतर पुढच्या वर्षी अधिकारी बदलला की परत अख्ख्या डिस्कचा आग्रह सुरू होतो.

आता गणित करू. साडेतीन इंची डिस्कची सरासरी साडेबारा ग्रॅम धरली तर एक टन चुंबकासाठी ८०,००० डिस्क लागतात. त्या एका टनात रेअर अर्थ साधारण ३०० किलो. रेअर अर्थ वेगळे करणारा प्लांट, मग तो कितीही छोटा असो, वर्षाला एखाद-दोन टनांवर चालत नाही. शिवाय लॅपटॉपमध्ये आता बहुतेक एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) येतात, त्यात चुंबकच नसतं. मोठ्या डिस्क डेटा सेंटरमध्ये अजून आहेत आणि राहतील, पण घरगुती मालातून हा झरा आटत जाणार. त्यामुळे चुंबक गोळा करा, वेगळं ठेवा, विका. त्यातून निओडिमियम तुम्ही स्वतः काढायचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा.

मोठा माल दुसरीकडून येईल: ई-स्कूटर आणि ई-रिक्षांच्या मोटरी, इन्व्हर्टर एसीचे काही कॉम्प्रेसर. एकेका मोटरीत हार्ड डिस्कच्या कितीतरी पट चुंबक असतं. चाकण, आकुर्डी, पिंपरी हा दुचाकींचा पट्टा तुमच्या गाळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोशियम, टर्बियमसह सात रेअर अर्थ आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा बजाज ऑटोसारख्या कंपनीलाही ई-स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं. डिस्प्रोशियम थोडंच लागतं, पण ते नसेल तर तापलेल्या मोटरमध्ये चुंबकाची ताकद टिकत नाही. आणि हे डिस्प्रोशियम मोटरच्या चुंबकात असतं, डिस्कच्या चुंबकात अगदी नगण्य. म्हणून दोन्ही माल एका डब्यात टाकू नका, भाव वेगळा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशात रेअर अर्थ चुंबकं बनवण्यासाठी ७,२८० कोटींची वेगळी योजना मंजूर केली आहे. ते कारखाने उभे राहिले की निवडलेल्या चुंबकाला देशातच गिऱ्हाईक मिळेल. तोवर साठा आणि नोंदी व्यवस्थित ठेवणारा माणूस पुढे फायद्यात राहील.

आता बॅटऱ्या. पैसा लवकर दिसतो तो इथे, आणि शेड जळते तीही इथेच.

मोबाईलच्या जुन्या बॅटरीत कॅथोड (धन टोकाचं साहित्य) बहुतेक वेळा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा असतो. त्याच्या वजनात ६० टक्के कोबाल्ट आणि ७ टक्के लिथियम. लॅपटॉप आणि बऱ्याच ई-स्कूटरमध्ये निकेल, मँगनीज, कोबाल्ट यांचं मिश्रण. ई-रिक्षा, सोलर आणि यूपीएसच्या नव्या पॅकमध्ये लोह फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. त्यात कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही, लिथियम कॅथोडच्या साडेचार टक्क्यांच्या आत. तिन्ही एकत्र चुरडून ब्लॅक मास (चुरडलेल्या बॅटरीची काळी भुकटी) केला तर कोबाल्टचं प्रमाण खाली येतं, लोखंड आणि फॉस्फेटचा भार वाढतो, आणि घेणारा भाव पाडून मागतो, तेही बरोबरच आहे. ब्लॅक मासचा दर कोबाल्ट-निकेलच्या टक्क्यांवर लागतो. म्हणून पॅक फोडतानाच रसायन ओळखून तीन डबे करा. पॅकवरचं लेबल वाचा, सेलचं व्होल्टेज बघा: चार्ज केलेला एलएफपी सेल ३.६५ व्होल्टच्या वर जात नाही, बाकीचे ४.२ पर्यंत जातात. शंका असेल तर हातातलं एक्सआरएफ यंत्र (एक्स-रे टाकून धातू ओळखणारं) काही सेकंदांत निकेल-कोबाल्ट आहे की लोखंड ते सांगतं, पण आधी तो सेल पूर्ण डिस्चार्ज करून उघडलेला हवा, नाहीतर यंत्र फक्त बाहेरच्या डब्याचा धातू वाचतं.

कोबाल्ट-लिथियम काढण्याचं रसायनशास्त्र तुम्हाला अवघड जाणार नाही. ब्लॅक मास सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवायचा, तांबं-ॲल्युमिनियम-लोखंड बाजूला काढायचं, मग सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनने मँगनीज, कोबाल्ट, निकेल एकेक करून, आणि शेवटी लिथियम कार्बोनेट. कागदावर छान दिसतं. अडचण येते ती फॉइलचे तुकडे चाळणीतून निसटून ब्लॅक मासमध्ये गेले की, इलेक्ट्रोलाइटमधलं फ्लोरिन उपकरणं खायला लागलं की, आणि टनामागे निघणाऱ्या सोडियम सल्फेटच्या पाण्याचं करायचं काय हा प्रश्न उभा राहिला की. भोसरीच्या गाळ्यात त्या पाण्याची सोय होणार नाही. हा खर्च बहुतेक प्रकल्प अहवालांत एका ओळीत उरकलेला असतो. तुम्ही त्याचं पूर्ण पान लिहा.

सुरक्षेबद्दल मी कडक बोलतो, त्याबद्दल कुणी वाईट वाटून घेऊ नये. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, ढिगात टाकायची नाही. वाळूच्या डब्यात एकटी ठेवायची. प्रत्येक पॅकच्या टोकांना चिकटपट्टी लावूनच साठवायचं. मिठाच्या पाण्यात बुडवून डिस्चार्ज करायची सर्रास पद्धत आहे, पण त्यात टोकं गंजतात, आत चार्ज शिल्लक राहतो आणि माणूस निर्धास्त होतो, हे सगळ्यात वाईट. रेझिस्टरवर डिस्चार्ज करून मीटरने तपासा. बॅटऱ्यांची खोली शेडपासून वेगळी असावी, तिच्यात रात्रीचा साठा कमीत कमी ठेवावा. पेटल्यावर निघणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, तो फुप्फुसं जाळतो. कामगारांना आधी बाहेर काढायचं, माल नंतर. कुदळवाडीच्या भंगार गोदामांना डिसेंबर २०२४ मध्ये लागलेली आग आणि पुढच्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडल्याचं पुण्यात सगळ्यांना आठवत असेल. तिथला माल त्यानंतर संपला नाही, तो शहराच्या कडेने विखुरला. नोंद नसलेल्या, दाटीच्या जागी हाच माल साठत राहिला तर पुढची आग कुठे लागेल याचा नेम नाही.

इंडियमबद्दल थोडक्यात: सोडून द्या. एलसीडी पडद्याच्या काचेवर इंडियम टिन ऑक्साइडचा थर इतका पातळ असतो की टनभर पॅनेलमागे ग्रॅमांत हिशेब येतो. जुन्या पडद्यांमागच्या नळ्यांत पारा असतो, त्यामुळे हाताळणी महाग. ट्यूब आणि सीएफएलमधल्या फॉस्फरचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. त्यात युरोपियम, यट्रियम असतं. रेअर अर्थचे भाव २०१०-११ मध्ये भडकले, तेव्हा फ्रान्समध्ये सोल्व्हे कंपनीने या भुकटीतून रेअर अर्थ काढायचा मोठा प्लांट उभारला. नंतर भाव कोसळले, एलईडी आले, आणि २०१६ मध्ये तो बंद झाला. तंत्र उत्तम होतं, माणसं जाणकार होती. चढ्या भावावर बेतलेला प्रकल्प भाव उतरला की उभा राहत नाही, एवढंच.

टँटलमकडे मात्र लक्ष द्या, कारण त्याकडे कुणीच बघत नाही. सर्व्हरच्या आणि जुन्या टेलिकॉम बोर्डांवर पिवळे किंवा काळे छोटे चौकोनी कपॅसिटर असतात, एका कडेला पट्टी मारलेले. बोर्ड गरम हवेवर धरून ते झडवता येतात. असे बोर्ड घरगुती मालात क्वचित दिसतात, पण पुण्यातल्या टेलिकॉम आणि संरक्षण क्षेत्राशी संबंधित लिलावांत येतात. बोर्ड विकण्याआधी ते उतरवून घेतलेत तर बोर्डाचा भाव फारसा पडत नाही.

बोर्ड स्वतः विरघळवून सोनं काढायच्या भानगडीत पडू नका. एक टन जुन्या मोबाईलमध्ये, बॅटऱ्या काढून, तीनशे ग्रॅमच्या आसपास सोनं, साडेतीन किलो चांदी आणि १३० किलो तांबं भरतं. हा आकडा ऐकून माणसं नायट्रिक ॲसिडचे ड्रम मागवतात. मुरादाबादला रामगंगेच्या काठावर अशाच कामाने माती आणि पाणी विषारी झालं. घरगुती ॲसिडच्या पद्धतीत सोन्याचाही मोठा भाग वाया जातो आणि पॅलेडियम, कथील, अँटिमनी तर पूर्णच. बोर्ड प्रतीनुसार निवडा: मोबाईल, सर्व्हर, मदरबोर्ड, आणि पॉवर सप्लायचे तपकिरी बोर्ड अगदी वेगळे. मग भट्टी असलेल्याला विका. परदेशी पाठवायचे असतील तर लक्षात ठेवा, १ जानेवारी २०२५ पासून घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या वाहतुकीवरच्या बासेल करारानुसार सगळ्याच ई-कचऱ्याला घेणाऱ्या देशाची पूर्वसंमती लागते.

माल कुठून मिळेल, हा तुमचा तिसरा प्रश्न. आयटी कंपन्यांचे लिलाव सगळ्यांना दिसतात, म्हणून तिथे दर चढलेले असतात आणि चांगला माल पुनर्वापर करणारे आधीच उचलतात. मी तुम्हाला दोन वेगळ्या जागी जायला सांगेन. पहिली, बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि गल्लोगल्लीचे मोबाईल दुरुस्तीवाले. त्यांच्याकडे रोज निघणाऱ्या बॅटऱ्या आणि बोर्ड पिशव्यांत साठत असतात, आणि तो माल आधीच सुटा असतो, हे त्याचं मोठं मोल. दुसरी, 'स्वच्छ'. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करते आहे, आणि तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुण्यात घरोघरी जाऊन कचरा उचलते. भंगार विकून येणारा पैसा त्या बायकांचाच असतो. म्हणूनच त्यांना बॅटरी आणि चार्जर फुकट द्यायला सांगणं चूक आहे. त्यांना किलोमागे ठरलेला, लिहून दिलेला दर द्या आणि फुगलेल्या बॅटरीसाठीही पैसे द्या. फुगलेल्या बॅटरीला पैसे नाहीत असं म्हटलं की ती ओल्या कचऱ्याच्या गाडीत जाते आणि तिथे पेटते.

परवान्यांत एक मोठी अडचण आहे, ती समजून घ्या. २०१६ च्या नियमांत 'डिसमँटलर' अशी वेगळी नोंदणी होती. २०२२ च्या नियमांत ती राहिली नाही. उत्पादक, निर्माता, नूतनीकरण करणारा आणि रिसायकलर एवढ्याच नोंदण्या आहेत. म्हणजे नुसतं सुटं करणाऱ्याला ईपीआर प्रमाणपत्र काढता येत नाही. उपाय असा की रिसायकलर म्हणूनच नोंदणी करा, तांबं-ॲल्युमिनियम-लोखंडापर्यंतची प्रक्रिया स्वतः करा, आणि दुर्मीळ धातूंचे वेगळे केलेले डबे पुढच्या अधिकृत रिसायकलरला द्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची संमती आधी, केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवरची नोंदणी नंतर. बॅटऱ्यांचे नियम वेगळे आहेत, तेही २०२२ चेच, आणि त्यांची नोंदणी स्वतंत्र.

आता ती १,५०० कोटींची योजना. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ती मंजूर केली, मुदत २०३०-३१ पर्यंत. यंत्रसामग्रीवर २० टक्के भांडवली अनुदान आहे, वाढीव विक्रीवर वेगळं अनुदान आहे, आणि एक तृतीयांश रक्कम छोट्या-नव्या रिसायकलरसाठी, स्टार्टअपसह, राखलेली आहे. पण त्यात एक कलम आहे जे दलाल सांगत नाहीत: अनुदान प्रत्यक्ष धातू काढणाऱ्याला आहे, नुसता ब्लॅक मास बनवणाऱ्याला नाही. म्हणजे मी सुचवतोय त्या पहिल्या दोन वर्षांच्या कामाला हे अनुदान मिळणार नाही. तरीही माझा सल्ला तोच आहे. अनुदान मिळावं म्हणून धातू काढायचा प्लांट आधी टाकला आणि माल मिसळलेला आला, तर २० टक्के सवलतीत घेतलेलं यंत्रही महागच पडतं.

सरकारकडे माझं मागणं मात्र आहे, आणि तुमच्यासारखे उद्योजक वाढले तर ते जोरात मांडता येईल. हाताने वेगळं केलेल्या चुंबकावर आणि निवडलेल्या बॅटरीवर किलोमागे काहीतरी प्रोत्साहन मिळालं पाहिजे. आज साखळीतली सगळ्यात निर्णायक पायरी अशी आहे जिला ना प्रमाणपत्र, ना अनुदान.

सुरुवातीचा खर्च कशावर करायचा ते सांगतो. चांगली टेबलं, प्रत्येक टेबलावर हवा खेचणारी नळी, हवेच्या दाबावर चालणारे स्क्रू ड्रायव्हर, दोन वजनकाटे, एक एक्सआरएफ, बॅटऱ्यांची वेगळी खोली. कामगारांच्या रक्तातल्या शिशाची तपासणी कामावर घेताना आणि नंतर दर सहा महिन्यांनी. सोल्डरचं शिसं धुळीतून आणि हातांतून पोटात जातं. डबे खाण्याची जागा शेडबाहेर, हात धुण्याची सोय त्या दारातच. पाषाणला सी-मेट या इलेक्ट्रॉनिक्सच्या साहित्यावर काम करणाऱ्या सरकारी संशोधन संस्थेचं मुख्यालय आहे आणि ई-कचऱ्यावरचं त्यांचं केंद्र हैदराबादच्या प्रयोगशाळेत चालतं. बोर्ड आणि चुंबकांवरचं त्यांचं काम बघून या. शेजारी एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आहे. पुण्यात बसून या दोन संस्थांशी न बोलता प्रकल्प अहवाल लिहिणं म्हणजे जवळची मदत वाया घालवणं.

आणि गाळ्यात काहीही बसवण्याआधी एक काम करा. नोंदणी असलेल्या एखाद्या रिसायकलरशी बोलून, त्याच्याच शेडमध्ये, त्याच्या परवान्याखाली एक टन मिश्र माल सुटा करून बघा. डिस्क, मोटरी, तीन प्रकारच्या बॅटऱ्या, चार प्रतींचे बोर्ड, टँटलमचे कपॅसिटर, प्रत्येकाचा डबा वेगळा, प्रत्येकाचं वजन वेगळं, आणि प्रत्येक डब्याला किती माणूस-तास लागले तेही लिहा. डब्यांतले नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या. असे तीन-चार टन वेगवेगळ्या ठिकाणचे झाले की पुण्याच्या मालात खरं काय आहे त्याचा तक्ता तुमच्या हातात येईल. तो तक्ता घेऊन कोबाल्ट की निओडिमियम हा प्रश्न मला पुन्हा विचारा. मग टाकीचा आकारही ठरवता येईल आणि बँकेला काय सांगायचं तेही.